स्लीव्ह की बायपास: उमरी ते देवणी, दोघी बहिणी

मी उमरीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. वय एकोणचाळीस, वजन एकशे अठरा किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण हा प्रवास देवळं किंवा किल्ले बघायचा नव्हता. वजन कमी करायचं ऑपरेशन कुठलं करायचं आणि कुठे, हे ठरवायला मी चार दिवस फिरले. माझ्यासारख्या कुणी रोज मोबाईलवर हेच शोधत बसल्या असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या विहारात वंदनेला सगळे सतरंजीवर बसतात. माझ्यासाठी मागे भिंतीपाशी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असते. मांडणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण समोर सगळ्यांच्या पाठी, आणि मी एकटी उंचावर. तीन वर्षं मी त्या खुर्चीवरून सतरंजीकडे बघत होते.

बाबा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. बँकेत त्यांची चार लाखांची ठेव होती. ती मोडून त्यांनी मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला एकदमच सांगितलं, "दोघींच्या तब्येतीला लावा. वाटणी तुमची तुम्ही करा." ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं वजन माझ्याहून चार किलो जास्त. भावजी गेल्यापासून ती अहमदपूरला क्लासच्या मुलींसाठी मेस चालवते. दोघींनी स्वस्तातलं एकेक ऑपरेशन करून घ्यायचं, असा आमचा सरळ हिशोब होता. विमा काढलेला नव्हता, त्यामुळे जे काय ते या चार लाखांतच.

पहिला दिवस नांदेडचा. दिवाळीची सुट्टी लागलेली. उमरीहून सकाळची रेल्वे पकडली. तिकीट किरकोळ, जागा मिळते, आणि दोघांच्या बाकावर आपण एकट्याच बसलो तरी कुणी बोलत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाल्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, दो सीट का लगेगा." मी दोन सीटचे पैसे दिले. भांडायची सवय कधीच सुटली होती.

दवाखान्यात डॉक्टर भले निघाले. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरतो तो केळ्याएवढा. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करतात आणि आतड्याचा थोडा भाग वगळून पुढे जोडतात, त्यामुळे जेवण कमी जातं आणि अंगीही कमी लागतं. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. तिसरा प्रकार फुग्याचा. तो कापाकापीशिवाय पोटात सोडतात, पण काही महिन्यांनी काढावाच लागतो, आणि वजन परत यायची भीती असते. तिथे स्लीव्हला एक लाख नव्वद हजार सांगितले. बायपासला तीन लाख दहा. (हे मला सांगितलेले आकडे. तुम्ही स्वतः विचारा, आणि तपासण्या, औषधं, खोलीचं भाडं त्यात धरलंय का हेही विचारा.)

"ॲसिडिटीचा त्रास?" त्यांनी विचारलं.

"कधीतरी," मी म्हणाले.

खोटं बोलले. सहा वर्षं रोज गोळी घेते, दोन उशा घेऊन झोपते. पण ज्यांना छातीत खूप जळजळ होते त्यांना स्लीव्ह सोसत नाही, हे मी वाचलेलं होतं. एक नव्वद दुणे तीन ऐंशी. ते गणित मला मोडायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. पण दुर्बिणीने पोट तपासल्याशिवाय मी काही ठरवणार नाही." ती तपासणी मी लातूरला करणार होते, कारण तिथल्या डॉक्टरांकडे ताईची आणि माझी एकाच दिवशी वेळ घेतलेली होती.

दुपारी नांदेडहून लातूरची एसटी पकडून लोहामार्गे अहमदपूरला उतरले. बायकांना अर्धं तिकीट, हे आमच्या बजेटला मोठा आधार. रस्ता आता चांगला आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मध्येच हरभऱ्याची पेर चाललेली. खिडकीपाशी बसून मी फक्त चालणारी माणसं बघत होते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई बांधावरून झपझप चालली होती, तिच्याकडे मी मान वळवून वळवून पाहिलं.

ताईच्या मेसमध्ये ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मुली सुट्टीला गेलेल्या, त्यामुळे आम्ही दोघीच. ताई तव्यावरून भाकरी उतरवत म्हणाली, "खा. एकदा आप्रेशन झालं की मग हे असं कुठं खायला भेटून राहिलंय!" आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघींनी आणखी एकेक भाकरी घेतली. ती चव आत्ताही जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी लातूरला निघालो. चाकूरच्या अलीकडे ताई बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, घोरणं मोठं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला, तेव्हा मला लाज वाटली. मग घोरणं थांबलं आणि मला बरं वाटलं. पण श्वासही थांबला होता. मी तिच्या छातीकडे बघत राहिले. एक, दोन, तीन... पंधरापर्यंत मोजलं, तेव्हा ती दचकून, घुसमटून हवा ओढत जागी झाली.

"काय गं, काय बघू लागलीस?"

"तुला असं रोज होतं?"

"कसं?" तिला माहीतच नव्हतं. घरात एकटी झोपणाऱ्या बाईला ते सांगणार कोण?

लातूरच्या डॉक्टर बाईंना मी सगळ्यात आधी तेच सांगितलं. त्यांनी ताईला दहा प्रश्न विचारले. दिवसा डुलक्या लागतात का, सकाळी डोकं दुखतं का. ताई प्रत्येकाला "हाव" म्हणत गेली. मग आम्हा दोघींची दुर्बिणीतून तपासणी झाली. घशात फवारा मारतात, बाकी पाच-सात मिनिटांचं काम. घाबरण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर बाईंनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. ताईचं पोट साफ होतं, तिला स्लीव्ह चालणार होतं. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या अन्ननलिकेला खाली सूज आहे, जखमा आहेत. जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलाय. ॲसिडिटी कधीपासून आहे?"

"सहा वर्षं."

"मग स्लीव्ह तुमच्यासाठी नाही. स्वस्त पडतं म्हणून करून घ्याल आणि जळजळीने हैराण व्हाल. तुम्हाला बायपास."

त्यांच्याकडेही दर थोड्याफार फरकाने तेच होते. ताईचं एक नव्वद आणि माझं तीन दहा. चारात ते बसत नव्हतं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुम्ही औषधं नीट घेतलीत तर वर्षभर थांबू शकता. यांनी थांबू नये. यांच्या झोपेची तपासणी करून आधी श्वासाचं मशीन लावू, मग ऑपरेशन."

बाहेर आलो. एका गाड्यावर निलंगा राइस घेतला, दोघींत एक प्लेट. पिवळा, तेलकट, गरम.  गंजगोलाईच्या बाजारात ताईला मेससाठी मसाला घ्यायचा होता, तिकडे गेलो. तिथे एका दुकानाबाहेर तयार पंजाबी ड्रेस टांगलेले होते. आकाशी रंगाचा एक होता. मी त्याची बाही हातात धरून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्या मापात नाही येत तो." मी म्हणाले, माहीत आहे. तरी बाही थोडा वेळ सोडली नाही. स्टँडजवळच्या लॉजवर खोली स्वच्छ आणि परवडणारी मिळाली. खोली तळमजल्यावर आणि संडास कमोडचा आहे का, हे आपल्यासारख्यांनी आधी विचारून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी देवणी. वजनाच्या ऑपरेशनबद्दल बायका एकमेकींशी बोलतात अशा एका मोबाईल ग्रुपवर महानंदाकाकूंची ओळख झाली होती. चार वर्षांपूर्वी त्यांचं बायपास झालं. "फोनवर काय बोलता, घरी या," असं त्यांचं आग्रहाचं बोलावणं होतं. लातूरहून उदगीर, तिथून बस बदलून देवणी. उदगीरपासून पुढे बसमध्ये मराठीत कन्नड मिसळायला लागते.

काकूंच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन देवणी गाई आणि एक वळू बांधलेला. काकूंचे यजमान आम्हाला पाणी द्यायच्या आधी वळूचं वजन सांगू लागले, छाती फुगवून. ताई माझ्या कानात म्हणाली, "बघ, ह्याचं वजन सांगायला कुणाला लाज न्हाई." मी पदर तोंडाला लावून हसले.

काकू शिडशिडीत होत्या. गळ्याची कातडी थोडी लोंबलेली, हातात बांगड्या सैल. त्यांनी आम्हाला भाकरी, वांग्याची भाजी वाढली आणि स्वतः चतकोर भाकरी वाटीत कुस्करून घेतली. एक एक घास किती वेळ चावत होत्या!

"पाणी नका विचारू," त्या म्हणाल्या. "जेवताना न्हाई प्यायचं. अर्ध्या तासानं."

"त्रास होतो का?" मी विचारलं.

"गोड खाल्लं की होतो. पुतण्याच्या लग्नात अर्धी पुरणपोळी खाल्ली. घाम फुटला, काळीज धडधडलं, आडवीच पडले. गोळ्या तर रोजच्या. मधी दोन महिने टाळल्या, तर चक्कर यायली. रक्त कमी झालं होतं. पैसे आप्रेशनचे एकदाच लागतात, गोळ्यांचे जन्मभर, ते धरून चला अक्का."

"पस्तावा होतो?"

"न्हाई, न्हाई!" त्यांनी दोन्ही हात हलवले. "गुडघे मोकळे झाले. धारा काढायला खाली बसते मी आता." मग वाटीकडे बघत म्हणाल्या, "एकच गोष्ट हाय. पहिल्यासारखी भूक न्हाई लागत. रानातनं यायचं, पोटात आग पडलेली, आणि सगळ्यांसंगं बसून पोटभर हाणायचं. ते सुख गेलं. सासूबाई गेल्यावर जेवढं रडले न्हाई तेवढं त्या पहिल्या महिन्यात रडले."

खाली बसून धार काढणारी ती बाई मला इतकी श्रीमंत वाटली, की पुढचं तिचं रडणं मी ऐकूनही ऐकलं नाही. मला फक्त ते खाली बसणं हवं होतं.

परतीच्या बसमध्ये ताईने माझ्या हातावर हात ठेवला. "सुजा, तू करून घे. तुझं वय लहान, तुझे दिवस हायेत. माझं काय, मेस आणि मी."



इथे मी खरं तेच लिहिणार आहे. ताई हे म्हणेल याची मी कालपासून वाट बघत होते. डॉक्टर बाईंनी काय सांगितलं ते दोघींनी ऐकलं होतं. तरी देवणीपासून उदगीरपर्यंत मी गप्प राहिले. त्या तासाभरात मनातल्या मनात मी बायपास करून आले, आकाशी ड्रेस घातला, विहारात सतरंजीवर पहिल्या रांगेत बसले, सुट्टीत नवऱ्याबरोबर अजिंठ्याच्या पायऱ्या चढले. सगळं इतकं जवळ होतं की हात लावावा.

शेजारी ताईला झोप लागली. घोरणं सुरू झालं. थांबलं. मी मोजायला लागले. अठरापर्यंत आले तेव्हा तिला जोरात हलवलं.

"उठ ताई. उदगीर आलं."

उदगीर अजून आलेलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "कुठं आलंय?" मी म्हणाले, "येतंय. झोपू नको तू."

स्टँडवर चहा घेतला. मी म्हणाले, "ताई, तू करणार आहेस. आधी मशीन, मग स्लीव्ह. ठरलं."

"आणि तू?"

"माझं बघू."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला मनापासून करायचं होतं ना गं?" मी हो म्हणाले. रडायला आलं, पण स्टँडवर होतो. तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. तिथून अहमदपूर, आणि चौथ्या दिवशी नांदेडमार्गे मी उमरीत.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. ताईचं ऑपरेशन लातूरला झालं. सुट्टी टाकून मी आठवडाभर तिच्याजवळ राहिले, चमच्याने डाळीचं पाणी पाजलं. पहिले दोन महिने तिचे केस गळले, चिडचिड झाली, एकदा फोनवर म्हणाली, "कशाला केलं गं हे?" आता छत्तीस किलो उतरले आहेत. मशीनशिवाय झोपते. मशीन आणि तपासण्या धरून खर्च जाऊन ठेवीतले दीड लाख उरले, त्यात मी पगारातून दर महिन्याला भर टाकते आहे. माझी गोळी चालू आहे. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, सूज वाढलेली नाही, पण फार लांबवू नका.

कुणी म्हटलं, की मोठ्या बहिणीसाठी त्याग केलास, तर मला अवघड वाटतं. त्याग करणाऱ्यांचं मन शांत होत असेल. माझं नाही झालं. ताईचा नवा फोटो आला की मला आनंद होतो आणि हेवाही वाटतो. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि मी ते लपवायचं सोडून दिलंय.

गेल्या रविवारी ती उमरीला आली होती. मी अंबाडीची भाजी केली. तिने वाटीभर घेतली, चार घास खाल्ले आणि थांबली. मी माझी दुसरी भाकरी मोडत होते आणि ती माझ्या हाताकडे बघत होती, लहान मूल बघतं तशी. "अजून एक घे," म्हणाली, "कुरकुरीत झालीय, खा तू." तिच्यासाठी म्हणून मी खाल्ली.

जेवण झाल्यावर ती गच्चीवर गेली. आमच्या गच्चीवर मी दोन वर्षांत चढलेली नाही, कपडे नवराच वाळत घालतो. वरून तिचा आवाज आला, "सुजा, अगं वर ये की! स्टेशनपर्यंत सगळं दिसून राहिलंय इथनं!"

"आले," मी म्हणाले, आणि जिन्याच्या कठड्याला हात घातला.