वावर आमचं, भाषण तिचं

यवतमाळला मी आणि माझी मैत्रीण एका खोलीत राहतो. ती दारव्ह्याच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी. मी मारेगावजवळच्या खेड्यातली. बाबा काळीपिवळी जीप चालवतात, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. दोघी बी.कॉम.ला एकाच वर्गात आहोत. पण ती वर्गात बसते तेव्हा घरच्या बैठकीत बसल्यासारखी वाटते, आणि मी बसते तेव्हा कोणीतरी उठवेल की काय असं वाटतं.

एकदा ती मला तिच्या घरी जेवायला घेऊन गेली. ताटं वाढून होतात न होतात तोच तिच्या अब्बांनी विचारलं, "हाँ बेटा, वो कंपनी का क्या सोचा?"

"भाव गिरा है अब्बा, ले लें?"

"भाव बाद में. पहले ये बताओ, कंपनी बेचती क्या है? और जो बेचती है, वो कल भी बिकेगा?"

ती तोंडात घास ठेवूनच उत्तर देत होती. अब्बा मान हलवत होते, मध्येच तिचं म्हणणं खोडून काढत होते. शेअर घेतला म्हणजे आपण त्या कंपनीचे छोटे भागीदार झालो, कंपनीला नफा झाला तर त्यातला वाटा मिळू शकतो, धंदा बसला तर आपलाही पैसा बसतो, हे मी पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करून पाठ केलं होतं. तिला ते पोळीबरोबर वाढलं जात होतं. मला तिच्या पैशांचा हेवा वाटला नाही. त्या जेवणाचा वाटला. आमच्या घरी जेवताना बाबा विचारतात, "आज कॉलेजात काय शिकवलं?" मी सांगते, ते "हं" म्हणतात, आणि तिथंच बोलणं संपतं.

मागच्या सत्रात आमच्या सरांनी एक उपक्रम काढला. तालुक्याच्या गावी जाऊन बचत गटाच्या बायकांना शेअर आणि बॉन्ड म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगायचं. बोलणारी एकच विद्यार्थिनी, तीही वर्गात भाषण घेऊन निवडायची. पहिलं गाव होतं मारेगाव.

मारेगाव ऐकलं आणि मला दुसरं काही सुचेना. आमच्या गावचा गट तिथं येणार होता, आणि त्या गटात माझी आई आहे. मी कॉलेजात नेमकं काय करते हे तिनं कधी पाहिलेलं नाही. एकदा तरी तिनं मला समोर उभं राहून बोलताना पाहावं, एवढंच मला हवं होतं.

भाषणाच्या आदल्या दिवशी आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. ती म्हणाली, "यार, शेअरचं मी बोलून जाईन. पण बॉन्डचं काय सांगू? आमच्याकडे ब्याज घेतच नाहीत. अब्बांनी कधी बॉन्डला हात लावला नाही. मी पाहिलाच नाही तर सांगू काय?"

"अगं, सोपं आहे," मी चादर पिळत म्हणाले. "आमची शेतीची दोन वावरं आहेत. बाबांना गाडीमुळे वेळ नाही, म्हणून घराजवळचं बटईनं दिलं, नाल्याकाठचं मक्त्यानं. बटईत पीक अर्धं त्याचं, अर्धं आमचं. जास्त झालं तर आमचंही जास्त, बुडालं तर दोघांचंही बुडालं. तो झाला शेअर. मक्त्याचं पाडव्याला ठरतं. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी, मग पीक येवो नाहीतर न येवो. वर्ष संपलं की वावर आमचं आम्हाला परत. तो बॉन्ड. फक्त वावराच्या जागी आपण पैसे देतो, कंपनीला नाहीतर सरकारला. मधे व्याज, शेवटी मुद्दल."

तिनं हातातला चिमटा तसाच धरून ठेवला. "तू हेच बोल ना उद्या!"

"वावराचं? कॉलेजात?" मी हसले. मला खरंच वाटत होतं की असलं काही तिथं बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी बोलले. पुस्तकातल्या व्याख्या, एकही शब्द न चुकता, आणि सगळा वेळ मागच्या खिडकीकडे बघत. मग ती उठली आणि तिनं बटई आणि मक्ता सांगितला. वर्ग हसला, मान डोलवायला लागला. सरांनी विचारलं, "वा! हे कुठून आणलं?"

"रूममेटनं सांगितलं, सर," ती लगेच म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. सर टाळ्या वाजवत तिच्याकडेच बघत होते.

तिनं लपवलं असतं तर मला रागवता तरी आलं असतं. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. निवड तिचीच झाली. त्या रात्री तिनं माझ्यासाठी समोसे आणले, आणि मला ते समोसेसुद्धा तिचेच वाटले.

मारेगावच्या सभागृहात मी मागं उभी राहून पाण्याचे ग्लास भरत होते. आई तिसऱ्या रांगेत होती, लग्नाला नेसते ती साडी नेसून. माझी मैत्रीण बोलायला लागली. नाल्याकाठचं वावर, पाडवा, घराजवळची बटई. "दोन्ही वावरं एकाच पद्धतीनं देऊ नका," ती म्हणाली, "एक इकडे, एक तिकडे. पैशांचंही तसंच." बायका पुढं सरकून ऐकत होत्या. आईसुद्धा. आईला असं टक लावून ऐकताना मी पाहिलं नव्हतं, आणि ती ऐकत होती दुसऱ्याच मुलीचं.

मग एक बाई उठल्या. "मॅडम, मले एक सांगा. बटईत बियाण्याचा, खताचा अर्धा खर्च आपल्याले द्या लागते. मंग कंपनी बुडाली तं तिचं देणंबी शेअरवाल्यानंच फेडाचं का?"

माझी मैत्रीण थांबली. बटईत खर्चही अर्धा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, कारण आमच्याकडे ते सांगावं लागत नाही. चूक माझ्या उदाहरणात होती आणि अडकली ती. क्षणभर मला बरं वाटलं, हे लिहिताना जरा जड जातं.

पण ती घाबरली नाही. माइक खाली घेऊन सरळ म्हणाली, "मावशी, हे मले माहीत नाही. ते वावर माझ्या मैत्रिणीचं आहे. ती मागं उभी आहे, तिलाच विचारू."

सगळ्या बायका वळल्या. आईही वळली. माझ्या हातात पाण्याचा जग होता.

"नाही मावशी," मी म्हणाले. आवाज आला. "इथंच शेअर बटईपेक्षा वेगळा आहे. शेअरात जेवढे लावले तेवढेच जाऊ शकतात. सारेही जातील. पण कंपनीचं देणं मागाले आपल्या दारात कोणी येत नाही."

"अन् मक्तेवालाच पळाला तं?" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. मी पुन्हा ग्लासांकडे वळले, पण तोवर माझी मैत्रीण सावरली होती. "म्हणून तर कोणाले देतो ते आधी पाहा लागते. बॉन्ड काढणाऱ्या कंपन्यांनाही दर्जा देतात, कोणाचा भरवसा जास्त, कोणाचा कमी. आणि कंपनी बुडालीच तर आधी कर्ज देणाऱ्यांचं, बॉन्डवाल्यांचं भागवतात. शेअरवाल्यांचा नंबर शेवटी." पुन्हा टाळ्या पडल्या. तिलाच.

बाहेर आल्यावर आई आधी तिच्याकडेच गेली. "लय मस्त बोलली वं बाई तू. घरी चाल, जेवून जा."

"काकू, बस आहे ना. पुढच्या वेळी नक्की."

मग आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आपलं वावर मक्त्यानं हाय, हे तिले कोणं सांगतलं?"

"मीच."

"कायले सांगतं घरचं?" ती रागावली, पण पदर तोंडाशी धरून हसतही होती. "अन् ते खर्चाचं बरोबर सांगतलं तू. माह्या बाजूची विचारे, ही कोण पोरगी. म्या सांगतलं, माही हाय. पण कायची घाई होती वं? अजून बोलाचं होतं ना. जग घेऊनच उभी राह्यली!"

यवतमाळच्या बसमध्ये मैत्रिणीनं खिडकीची जागा मला दिली. "पुढचा कार्यक्रम तुझ्या-माझ्या दोघींचा करू या. सरांना मी सांगते. वावराचं सगळं तू बोल."

हेच तर मला हवं होतं. पण ते तिनं द्यावं, हे नको होतं. सरांनी तिचं ऐकलं असतं, हेही मला माहीत होतं.

"सरांना मी सांगते," मी म्हणाले.

"तू? एकटी जाशील केबिनमध्ये?" तिनं डोळे मोठे केले.

मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत बसले. सर, ते वावर आमचं आहे. नाही, असं नको. सर, मला बोलायचं आहे.