नमस्काराचा अहवाल

गुरुवारी, ५ ऑक्टोबर १९९५ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास पश्चिम लंडनमधल्या एका सरकारी तपासणी केंद्रात माझ्या मावशीवर अन्याय झाला. तो करणारा माणूस मराठी होता. हे दुसरं वाक्य लंडनच्या आमच्या मराठी मंडळातल्या काही जणांना आवडणार नाही. पण ते खरं आहे, म्हणून आधीच लिहून टाकते.

मावशी तिथेच जवळ, ईलिंगला राहते. विमानात मिळणारे जेवणाचे ट्रे जिथे भरतात, अशा एका मोठ्या स्वयंपाकघरात ती बरीच वर्षं कामाला होती. एकदा भरलेली ट्रॉली उतारावर सुटली आणि समोरच्या मुलीच्या अंगावर जाणार, म्हणून मावशीने ती अडवली. मुलगी वाचली. मावशीची पाठ कायमची गेली. दोन ऑपरेशनं झाली, कामावरून कमी केलं, आणि तिला इनव्हॅलिडिटी बेनिफिट, म्हणजे आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांचा सरकारी भत्ता, सुरू झालं. ते तिच्या पगारातून कापलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर, म्हणजे सरकारी विम्याच्या हप्त्यांवर, मिळायचं, त्यामुळे त्याला कुणी भीक म्हटलं की ती भडकायची. "माझ्या स्टॅम्पचे आहेत," म्हणायची; पूर्वी ते हप्ते कार्डावर स्टॅम्प चिकटवून भरत. घरात तिच्या स्वतःच्या नावाने येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

१९९५च्या एप्रिलमध्ये सरकारने ते बेनिफिट बंद केलं आणि त्याजागी इनकपॅसिटी बेनिफिट आणलं. जुन्या लोकांना नव्यात घेतलं खरं, पण सोबत एक नवी परीक्षा आली. तोवर आपल्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, चिठ्ठी दिली की भागायचं. आता सरकारने नेमलेला डॉक्टर तपासणार: किती वेळ बसता, किती उभं राहता, काय उचलता. प्रत्येक उत्तराला गुण. त्यातला एक प्रश्न असा होता: जमिनीवर पडलेला कागद उचलण्यासाठी वाकून परत सरळ उभं राहता येतं का? 'नाही' हे उत्तर धरलं गेलं, तर तेवढ्या एकावर माणूस पास व्हायचा. पास म्हणजे आजारी. मावशीचं उत्तर अर्थातच 'नाही' होतं.

मी तेव्हा बर्मिंगहॅमला राहत होते आणि अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटासाठी पत्रकं लिहायचे. या नव्या परीक्षेवर माझी तीन पत्रकं छापून झाली होती. मावशीने त्यातलं एक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, डाळींच्या डब्यांसमोर. काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "तुझं साहित्य आमच्या घरी रोज वाचलं जातं. डाळ काढताना."

तपासणीला तिच्याबरोबर काका गेले. दसरा दोनच दिवसांपूर्वी झाला होता. खोलीत टेबलामागे पांढऱ्या केसांचे, सत्तरीकडे झुकलेले डॉक्टर बसलेले. त्यांनी फाइलवरचं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "कुठच्या तुम्ही?"

"साताऱ्याकडची," मावशी म्हणाली.

"अरे वा! आम्ही कराडचे."

झालं. मावशीचा जीव भांड्यात पडला. इतके महिने जिची धास्ती घेतली ती परीक्षा घ्यायला घरचाच माणूस निघाला होता. डॉक्टर हस्तांदोलनासाठी उठून टेबलाच्या पुढे आले. मावशी म्हणाली, "दसऱ्याचा नमस्कार करते, डॉक्टर," आणि एक हात काकांच्या दंडावर, दुसरा टेबलाच्या कडेवर ठेवत खाली गेली. पुरती गेली. टेबलावरचा हात खाली नेला, बोटं डॉक्टरांच्या बुटांना लागली.

"राहू दे, राहू दे," डॉक्टर म्हणाले, जसं सगळेच म्हणतात. मग म्हणाले, "सुखी राहा."

वर येताना तिला जमेना. काकांनी दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं. डॉक्टर तोवर परत खुर्चीत बसले होते. पुढची तपासणी थोडक्यात आटोपली. बाहेर आल्यावर काकांनी तिला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं आणि तशीच घरी आणली. दिवाळीपर्यंत ती अंथरुणातच होती. त्या वर्षीचा फराळ काकांनी केला. चकल्यांबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही.

नोव्हेंबरात निर्णय आला: कामास योग्य. बेनिफिट बंद. ट्रायब्युनलकडे अपील केल्यावर डॉक्टरांच्या अहवालाची प्रत मिळाली, तेव्हा कारण कळलं. त्या एका प्रश्नासमोर त्यांनी लिहिलं होतं: 'खोलीत आल्यावर स्वतःहून जमिनीपर्यंत वाकल्या व सरळ झाल्या.' बस. कशासाठी वाकल्या, कुणाच्या पायांशी, सरळ कुणी केलं, काही नाही. एखाद्या इंग्रज डॉक्टरने हे लिहिलं असतं तर मी समजू शकले असते. त्याला बिचाऱ्याला वाटलं असतं, बाईचं काहीतरी खाली पडलं असेल. यांना मात्र ठाऊक होतं. यांनी आशीर्वाद दिला होता.

दरम्यान दुसरी गंमत. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काय करायचं, असं विचारल्यावर ऑफिसातून उत्तर मिळालं की बेकार म्हणून नाव नोंदवा, आणि काम करायला तयार आहे अशी सही करा.

"म्हणजे तिकडे सांगायचं, काम होत नाही," मावशी म्हणाली, "आणि इकडे सांगायचं, काम द्या?"

"कायद्याने चालतं. तसं केल्याने अपील बिघडत नाही," मी समजावलं.

"कायद्याला चालत असेल. मला नाही चालत."

ती गेली नाही.

जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीला ते डॉक्टर आले होते. तिळगूळ घेताना त्यांनी मावशीला विचारलं, "काय म्हणते पाठ?" आणि मावशी म्हणाली, "बरी आहे." मी शेजारीच उभी होते. घरी येताना गाडीत मी विचारलं, "बरी आहे? मावशी, 'बरी आहे'?"

"संक्रांतीला काय सांगू? गोड बोलायचं ना?"

"मग ट्रायब्युनलसमोरही गोड बोल."

"तिथे त्यांचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "ज्यांच्या पाया पडले, त्यांच्याविरुद्ध मी तोंड उघडणार नाही."

"आशीर्वाद चांगलाच लागलाय तुला," गाडी चालवता चालवता काका म्हणाले. "सुखी राहा म्हणाले, आणि कामाला जा म्हणून लिहून दिलं."

"अहो, तुम्ही समोर बघा."

अडचण खरी होती. नमस्काराचा उलगडा केला नाही तर अहवालातलं वाक्य तसंच उभं राहणार आणि अपील हरणार. उलगडा करायचा तर डॉक्टर आलेच. मी लेखी म्हणणं तयार केलं, त्यात 'विश्वासघात' हा शब्द दोनदा होता. मावशीने ते माझ्याकडून मराठीत समजून घेतलं आणि दोन्ही ठिकाणी बोट ठेवलं. "हे काढ."

"पण त्यांनी केलाय!"

"मी वाकले ना? वाकले. मग ते खोटं नाही लिहिलं त्यांनी. अर्धं लिहिलंय. उरलेलं अर्धं तू लिही, आणि शिव्या घालू नकोस."

मी शब्द काढले. पत्रक असतं तर ठेवले असते.

सुनावणी मार्चमध्ये झाली. लांबट टेबलामागे तीन जण, मधोमध अध्यक्षबाई, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला लावलेला. आत शिरताना काकांनी मावशीचा दंड घट्ट धरला होता, कारण घरून निघताना मी बजावलं होतं: कुणीही कितीही म्हातारं दिसलं तरी वाकायचं नाही.

अध्यक्षबाईंनी अहवालातलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि थेट मावशीला विचारलं, "तुम्ही वाकलात, हे खरं आहे?"

"हो."

मी डोळे मिटले.

"कशासाठी?"

"ते मोठे होते."

"वयाने?"

"वयाने. डॉक्टर म्हणून. आणि आमच्याकडचे." ट्रे भरायच्या त्या स्वयंपाकघरात शिकलेल्या तिच्या इंग्रजीत ती सावकाश बोलत होती. "आमच्यात पायांना हात लावतात."

"इतकं दुखत असताना?"

"दुखतं म्हणून नमस्कार नाही करत, असं कसं सांगायचं?"

"सरळ कशा झालात?"

इथून पुढे डॉक्टरांचा विषय येत होता. काका खाकरले, पण तिने हाताने त्यांना थांबवलं. "यांनी उचललं मला," ती म्हणाली. "डॉक्टरांनी पाहिलं. लिहायचं राहिलं असेल."

मग अध्यक्षबाईंनी मूळ प्रश्न विचारला: जमिनीवर कागद पडला असता तर?

"कागदासाठी नसते वाकले," मावशी म्हणाली. "कागद मी पायाने सरकवते. नंतर हे उचलतात."

टेबलामागच्या तिघांपैकी एकाने काहीतरी टिपून घेतलं. मावशीच्या बाजूने मी काकांना दोन प्रश्न विचारायचं ठरलं होतं, त्यांची गरजच पडली नाही. आम्हाला बाहेर बसवलं, परत बोलावलं आणि तिथल्या तिथे निकाल सांगितला: अपील मंजूर. बेनिफिट बंद झालं त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

मावशी उभी राहिली, अध्यक्षबाईंकडे एक पाऊल गेली, आणि तिचे खांदे पुढे झुकायला लागले.

"अगं, नको!" काका मराठीत ओरडले. "निकाल फिरवतील!"

तिने उभ्याउभ्याच हात जोडले.

ते डॉक्टर, माझ्या माहितीप्रमाणे, त्यानंतरही त्याच केंद्रात बसत राहिले. पुढच्या दसऱ्याला मंडळात ते आले तेव्हा मावशीने त्यांना हात जोडले, आणि ती वाकली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

हे वाचणाऱ्यांत असे अहवाल लिहिणारे डॉक्टर असतील. आपल्या लोकांत डॉक्टर कमी नाहीत. तुमच्यासमोर उद्या एखादी आजारी बाई वाकायला लागली, तर 'राहू दे' म्हणून उभे राहू नका. हात पुढे करा, तिला वाकू देऊ नका. आणि वाकलीच, तर ती कुणाच्या पायांशी वाकली आणि तिला कुणी उठवलं, ते लिहा.