दादाची ताठ पाठ

भाताची आवणी संपत आली होती. आमच्या गावाहून, खोडाळ्याहून आलेला माणूस शाळेच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा दादा गेला." हातातला खडू तसाच राहिला. रडू यायच्या आधी मला भीती वाटली... कारण त्या सकाळी माझीही कंबर धरली होती.

दादाची कंबर विशीतच धरू लागली. पहाटे लाकडासारखी, कामाला लागला की सैल. पुढे पुढे पाठ मानेपर्यंत आखडली, मान पुढे झुकली ती तशीच राहिली. हाक मारली की तो मान वळवत नसे, अख्खाच वळे. भगताने कोंबडं मागितलं, तेही दिलं. आवणीला वाकता येईना, तेव्हा बांधावर बसून तो रोपांच्या जुड्या बांधू लागला.

मागच्या दिवाळीनंतर त्याचे पाय सुजले, मग तोंड. लघवीला ताकासारखा फेस येऊ लागला. डोलीत घालून त्याला जव्हारच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. बघता बघता ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली.

"पाठीचं दुखणं मूत्रपिंडांत उतरलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित होतं असं. मी तर पहिल्यांदाच बघतोय."

"औषध?"

"मीठ बंद करा," एवढंच ते म्हणाले.

बाहेर आल्यावर दादाने विचारलं, "तुझी पण कंबर धरते ना रे सकाळची?"

"धरते."

डोलीत बसल्यावर तो माझ्या पावलांकडे पाहत राहिला. त्यानंतर भेटलो की आधी माझे पाय बघायचा, मग बोलायचा. शेवटी शेवटी त्याला धाप लागे, अळणी आंबीलही पोटात ठरत नसे.

नवरात्राच्या तोंडावर खोडाळ्याला गेलो, तेव्हा वहिनी भिंती सारवत होती. ओटीवरच्या भिंतीचा एक तुकडा तिने सोडला होता. दादा रोज तिथे टेकून बसे. त्याच्या पाठीने माती गुळगुळीत, काळपट झाली होती. त्याच्या वर, डोक्याच्या जागी, काहीच खूण नव्हती.

"डोकं कधी टेकलंच नाही त्यांचं," वहिनी म्हणाली. "जाताना मला बोलले, धाकट्याला इथं बसवून बघत जा."

मी बसलो. पाठ लावली. मान हळूहळू मागे नेली...

"टेकलं का, भावजी?"

"टेकलं."

तिने डोळे पुसले. "दिवाळीला परत या," ती म्हणाली, आणि तो तुकडा तसाच ठेवून दुसऱ्या भिंतीकडे गेली.