अनंताची खारट पानं

उन्हं कलली की जुन्या साडीचा मऊ फडका तांब्यातल्या पाण्यात बुडवून आई अनंताचं एकेक पान पुसायला बसायची — आधी वरून, मग खालून, न्हालेल्या बाळाचे कान पुसावेत तसं हलकेच... ओल्या मातीचा वास अंगणभर पसरायचा आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून ऐकत राहायचे.

तिचं माहेर समुद्रकाठचं. तिथे खारा वारा पानांवर मीठ आणून ठेवतो, सांजेला ते धुतलं नाही तर कडा करपतात. म्हणून फुलझाड घराच्या आडोशाला लावायचं आणि समुद्राच्या अंगाला झावळ्यांचा कूड घालायचा. लग्न होऊन पांढरकवड्याला आली तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेली अनंताची एक फांदी तिने ट्रंकेतून आणली होती. झावळ्या इथे कुठल्या? तिने पश्चिमेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काटक्यांचा, कूड घातला आणि समुद्राचा मागमूस नसलेल्या या गावात रोज पानं धुणं चालूच ठेवलं.

शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काहून धुता वो बाई रोज पानं?"

"खारं वारं लागतं," आई म्हणायची. काकू खो-खो हसायच्या.

तिच्या बोलण्याला सगळेच हसत, म्हणून ती चारचौघांत बोलेनाशी झाली होती. बाबा दिवसभर बाहेर; दुपारभर ऊन, दारं आपटणारी लू आणि आम्ही दोघी. पानं धुताना मात्र ती माहेराचं बोलायची — भरतीचं, सुकत घातलेल्या जाळ्यांचं, पडवीतल्या गारव्याचं. मला ते बोलणं फार हवं असायचं.

एकदा मी चोरून पान चाटून पाहिलं. नुसती धूळ! आठ वर्षांची होते, पण अक्कल पाचाचीही नव्हती. मला वाटलं, मीठच नाही म्हणून आई उदास असते. त्या वर्षी अनंताने पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या. आई दुपारी लवंडली की मी मूठभर खडेमीठ पेल्यात विरघळवून पानांवर शिंपडू लागले... आठेक दिवस.

पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आई घाबरली, दोन वेळा धुऊ लागली. आणि जितकं धुवावं तितकं मीठ मुळाशी उतरत गेलं. कळ्या काळ्या पडून गळल्या. मी मात्र मनात खूश, की आता अगदी आईच्या गावासारखं झालं.

एका संध्याकाळी पान पुसता पुसता तिने ओलं बोट सहज ओठांना लावलं आणि ती थांबली. मग माझ्याकडे वळली.

"मीठ तू घातलंस?"

"तुह्या गावासारखं व्हावं म्हून," मी म्हटलं.

ती रागावली नाही. फडका तांब्यावर वाळत टाकला, मला जवळ ओढलं आणि विचारलं, "मला इथे करमत नाही, हे तुला कुणी सांगितलं गो?"

अनंत गेला. आईने मग तगर लावली, सदाफुली लावली, पण पानं कधी धुतली नाहीत आणि समुद्राचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, रुळली बिचारी. किती वर्षं मी तेच समजून चालले! ती रुळली नव्हती. पोरीला कळू नये म्हणून गप्प झाली होती. तिची बोलायची ती एकच जागा होती, आणि ती माझ्याच हातून गेली... हे समजलं तेव्हा विचारायला ती उरली नव्हती.

आता या घरात मी एकटी असते. गेल्या वर्षी अनंताचं रोप आणून त्याच जागी लावलं, पश्चिमेला पऱ्हाट्या रोवल्या. संध्याकाळी फडका घेऊन बसते. परवा काकूंच्या सुनेने कुंपणावरून विचारलं, "काहून धुता वो मावशी रोज पानं?"

"खारं वारं लागतं," मी म्हटलं.

ती हसली. मी पुढचं पान हातात घेतलं.