निकालावरचा पुठ्ठा

तांडेल सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. ऑफिसातल्या दोघांना उलट फोन करून खात्री केली, मग रडले. संशय घेणं हा माझा स्वभावच. आता महिना होत आला... आणि त्यांच्यावरच घेतलेला एक संशय काही केल्या मनातून जात नाही.

सर कोलशेतच्या कोळीवाड्यातले. जवळच्याच एका औषध कंपनीत ते संख्याशास्त्रज्ञ, मी डोंबिवलीहून येणारी त्यांची सहायक. खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून शिरावं लागायचं. रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी झाली होती. प्रत्येक रुग्णाचा दाब दर पंधरवड्याला मोजलेला. एकाच माणसाचे आकडे एकमेकांशी बांधलेले असणार, पण कसे? सगळे सारखेच, की जवळच्या तारखांचे घट्ट आणि लांबच्यांचे सैल? सॉफ्टवेअर दोन्ही मांडण्या करून बघे आणि प्रत्येकीसमोर, ती किती जुळते याचा एक आकडा छापी. आकडा लहान, ती मांडणी सरस. गोळी चालली की नाही, हा निकालही त्याच कागदावर खाली असे. सर त्या भागावर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवत. "अगं, निकाल बघून मांडणी निवडलीस, तर तुला हवं तेच निघेल," म्हणत.

मला ते सगळं नाटक वाटे. पुठ्ठा ठेवणारा माणूस आधीच बघून घेत नसेल कशावरून?

त्या चाचणीचा अहवाल माझ्या नावाने जाणार होता, माझा पहिलाच. सगळे आकडे सारखेच बांधलेले धरले की गोळी चालत होती. मी ते चोरून पाहून ठेवलं होतं. सरांनी नेमकी दुसरी मांडणी निवडली. पुठ्ठा उचलला, तर गोळीचा गुण येतो असं ठामपणे म्हणता येईना. सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, या माणसाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. तशीच कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे गेले आणि सांगितलं की सरांनी निकाल बघून मांडणी निवडली. साहेबांनी सगळे कागद मागवले, बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतले. सरांची निवड बरोबर निघाली, गोळीचं काम थांबलं. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्याचाही मला संशय आला.

आता सरांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या उशाशी गोळ्यांच्या चार-पाच पट्ट्या होत्या. "माजा दाब कवा खाली येतच नाय," काकू म्हणाल्या. "ते सांगायचे, आमची नवी गोली निंगू दे, तुला बरा वाटंल."

ती गोळी चालावी असं माझ्यापेक्षा त्यांना किती जास्त वाटत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"काकू, साहेबांकडे तक्रार मीच केली होती," मी सांगून टाकलं.

"मना म्हाईत हाय गो. ते बोलले, ‘बरा झाला. मना ती गोली लय हवी व्हती, कोनीतरी माज्यावर नजर ठेवायलाच पायजे व्हती.’"

खरंच म्हणाले असतील सर असं? की काकू माझी समजूत काढत होत्या?... विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. काकूंनी खिडकीजवळची सरांची खुर्ची पुढे ओढली. "बस, च्या घे," म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसायची माझी लायकी नव्हती. बसले.