घर बघायला आलेलं जोडपं

नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो, पण आळे गावातल्या त्या घराची घटना अजून लख्ख आठवते. खून नाही, दरोडा नाही. कानातले सोन्याचे झुबे चोरीला गेल्याची तक्रार, एवढाच मामला. पण त्यात एका तरुण जोडप्याचं पहिलं घर आणि त्यांची अब्रू, दोन्ही पणाला लागली होती.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. आळेफाट्याला दोन मोठे रस्ते मिळतात, त्यामुळे आसपासच्या घरांना भलताच भाव आलेला. घर विकायचंय असं कुणी टपरीवर नुसतं बोललं, तरी त्याचा चहा संपायच्या आत गिऱ्हाईक दारात. अशा बाजारात हे जोडपं घर शोधत होतं. नवरा डिंगोऱ्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, दूध शीतकरण केंद्रात मशीनवर कामाला. बायको एका दवाखान्यात केसपेपर काढायची. भाड्याच्या खोलीत राहून दोघांनी पै-पै जमवलेली, पण दर वेळी कुणीतरी जास्तीची बोली लावून घर पळवायचं.

आळ्यातलं घर एका निवृत्त एसटी कंडक्टरचं होतं. मुलाकडे नाशिकला जायचं म्हणून नवरा-बायकोने ते विकायला काढलेलं. बघायला बरेच जण येऊन गेले, आणि त्यानंतर कंडक्टरच्या बायकोचे झुबे सापडेनात.

फिर्याद कंडक्टरने दिली. झुबे कपाटात होते, बाकीची माणसं उभ्या उभ्या घर बघून गेली, हे जोडपं मात्र दुपारभर बसलं आणि ती मुलगी पाणी प्यायला आत गेली होती, असं त्याचं म्हणणं. आम्ही गुन्हा दाखल करून पंचनामा केला. कपाटाचं कुलूप शाबूत, कपड्यांच्या घड्या जागच्या जागी. ही गोष्ट मला खटकली, पण खटकण्यावर तपास चालत नाही.

मग एक निनावी फोन आला. तो मुलगा नारायणगावला सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला, अशी खबर. आम्ही त्याला बोलावून घेतलं. सराफाकडे गेलो होतो, हे त्याने लगेच कबूल केलं. कशाला गेला होतास म्हटल्यावर मात्र खाली मान घालून गप्प. माझा तरुण फौजदार खुर्ची पुढे ओढून बसला होता, त्याच्या मते तपास संपलाच होता. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर पोरगा बोलता झाला. कंडक्टरशी घराचा भाव बोलून झाल्यावर विसारासाठी त्याने लग्नातली स्वतःची अंगठी मोडली होती.

"सासऱ्यांनी घातलेली अंगठी व्हती, साहेब. तिला अजून सांगितलं न्हाई. तेवढं तिला कळू देऊ नका."

चोरीचा आळ अंगावर असताना या गड्याला काळजी कशाची, तर बायकोला वाईट वाटेल याची. सराफाकडे खात्री केली, तर शब्दन् शब्द खरा निघाला.

दुसऱ्या दिवशी तोच निनावी आवाज परत फोनवर. म्हणाला, त्यांच्या खोलीची झडती घ्या, माल घरातच असेल. खबऱ्याला सहसा काहीतरी हवं असतं, बक्षीस नाहीतर एखादं काम. याला फक्त झडती हवी होती. नंबर काढला तर तो एका टोमॅटो व्यापाऱ्याचा निघाला, आणि हा गृहस्थही तेच घर बघून गेला होता. त्याच्या हातात पुरावा काही नव्हता. पोलीस त्या खोलीत शिरलेले गल्लीने बघितले की घर आपल्याला मोकळं, एवढाच त्याचा हिशेब.

तरी फिर्यादीत नाव जोडप्याचंच, त्यामुळे झडती घ्यायची वेळ आलीच होती. फौजदार तयारीत होता. पण गाडी बेल्ह्याच्या बाजाराच्या बंदोबस्ताला गेलेली, म्हणून झडती संध्याकाळवर ढकलली. हातात वेळ होता, तेव्हा मी महिला हवालदाराला घेऊन पुन्हा कंडक्टरच्या घरी गेलो. ही हवालदार जुनी, मुरलेली. ती मला आधीच म्हणाली होती की फिर्याद पुरुष देतो, पण वस्तू कुठे होती ते बाईला ठाऊक असतं. मी कंडक्टरला अंगणात बोलण्यात गुंतवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिने मला आत बोलावलं.

झुबे कपाटात नव्हतेच. रोज कुणी ना कुणी परका माणूस घर बघायला येऊन कपाटसुद्धा उघडून दाखवायला लावायचा, म्हणून बाईने ते एका चिंधीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसले होते. सुपारीएवढी पुरचुंडी. डबाही रोजचा नाही, सणावाराच्या आंबेमोहोराचा. नवऱ्याला तिने कळू दिलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. झुबे गेल्यावर तर खरी जागा सांगायची तिला आणखीच चोरी झाली.

मी विचारलं, त्या डब्याला त्यानंतर कुणी हात लावला? ती ठामपणे नाही म्हणाली. मग बोलता बोलता थांबली.

"पोरगी निघाली तवा मी तिची ओटी भरली. लई गुणाची वाटली. म्हणलं घर हिलाच द्यायचं. मग रेशनचा तांदूळ कसा घालायचा तिच्या ओटीत?"

आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. व्यापारी दारात हॉर्न वाजवत होता, म्हणून तिने घाईघाईने त्या डब्यातून वाटी भरून घेतली होती. ओटीत सुपारी, हळकुंड असतंच, त्यात ती पुरचुंडी घेणारीला काय वेगळी जाणवणार?

मी तिचा जबाब तिथेच लिहून घेतला, सही घेतली आणि मगच उठलो. कारण साधं होतं. हा जबाब नसताना तेच झुबे त्या खोलीत सापडले असते, तर ती झडतीत मिळालेली चोरीची मालमत्ता ठरली असती. पुढे ती मुलगी कितीही रडली असती, तरी तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

कंडक्टर, त्याची बायको आणि पंच यांना घेऊन आम्ही जोडप्याच्या खोलीवर गेलो. मुलीने दार उघडलं. मी ओटीचं विचारल्यावर तिने देवाच्या फोटोपुढे बोट केलं. खणात बांधलेली ओटी, गाठ तशीच.

"सासूबाई म्हणल्या, चोर म्हणणाऱ्यांची ओटी कशाला ठेवती, टाकून दे. पण भरलेली ओटी टाकवंना, साहेब. घर घेतलं की पयला भात ह्याचाच करायचा व्हता."

मी कंडक्टरच्या बायकोलाच गाठ सोडायला सांगितलं. तांदळातून पुरचुंडी निघाली. मुलीने झुब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हंजे आदी झडती झाली असती तर?"

खरं सांगतो, त्या घडीला मला भीती वाटली, आणि ती आजही वाटते.

कंडक्टर पार खजील झाला होता. घर तुम्हालाच, ठरलेल्या भावातच, असं त्याने कबूल केलं. नवऱ्याचा चेहरा उजळला. बायको मात्र म्हणाली, "घर घेऊ आमी. पण आदी तुमी आमच्यासंगं गल्लीत चला. ज्याला ज्याला तुमी आमाला चोर म्हणून सांगितलं, त्याला सांगा आमी न्हवतो म्हणून. ते नसंल जमत, तर घर ऱ्हाऊ द्या."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या घरांनी हुलकावणी दिल्यावर हातात आलेलं घर ती सोडायला निघाली होती. पण ती हटली नाही. शेवटी कंडक्टर चप्पल घालून निघाला. प्रत्येक दारात उभा राहून, घसा खाकरून तेच सांगत गेला, की सोनं आमच्याच बाईच्या हातनं गेलं व्हतं, ह्या पोरांनी काय घेतलं न्हाई. दोघं त्याच्या मागे उभी. व्यापाऱ्याच्या दुकानासमोरही त्याने तेच सांगितलं. एका घरात म्हातारबाबाला ऐकू कमी येत होतं, तिथे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मी गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवली आणि ती मंजूर झाली. माझ्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं. पण त्या मुलीला कळत होतं ते मला तोवर कळलं नव्हतं. कोर्टाचा कागद ठाण्यापर्यंत येतो, गल्लीपर्यंत जात नाही. तिथे आळ तसाच नांदत राहतो आणि माणसाला त्याच्या शेजारी जन्म काढावा लागतो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत निर्दोष ठरलेल्या प्रत्येक माणसाला मी स्वतः त्याच्या घरी सोडायला गेलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवायची आणि तिथून त्याच्या दारापर्यंत, सगळ्यांना दिसेल असं, गणवेशात त्याच्या बरोबरीने चालत जायचं.