व्याह्यांच्या रानातली टर्की

मुलीचं लग्न ठरवण्याआधी मुलाकडचं घर बघून यायची आपल्याकडे रीत आहे. आमच्याकडे लग्न मुलीनंच ठरवलं, हॉलही तिनंच बुक केला आणि मग आम्हाला कळवलं. त्यामुळे मी घर बघायला निघालो तेव्हा लग्न दोन महिन्यांवर आलं होतं आणि गाडीच्या डिकीत हिरवे-तपकिरी ठिपकेदार कपडे, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि रानटी टर्की मारण्याचा शिकाऊ परवाना होता.

सईचा होणारा नवरा ईथन. त्याचे वडील रॉजर आमच्या ॲन आर्बरपासून साडेतीन तासांवर, मिशिगनच्या उत्तरेकडच्या रानात राहतात. मुलाचे वडील म्हणून मी त्यांना मनातल्या मनात रॉजरराव म्हणतो. लोकांच्या घरातल्या भट्ट्या (हिवाळ्यात घर गरम ठेवणारी यंत्रं) दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आता ते निवृत्त आहेत. टर्कीचा वसंतातला मोसम सुरू होतोय, मुलीच्या बापानं यावं, असा त्यांनी ईथनकरवी निरोप धाडला. त्या घरात म्हणे सोयरीक जुळली की नव्या पाहुण्याला आधी रानात नेतात आणि पहिला पक्षी त्याला देतात.

मी मूळचा नागपूरचा, पोटासाठी मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. कोंबडी मी आजवर कातडी काढलेली, ट्रेमध्ये झोपलेली आणि वजनाची चिठ्ठी लावलेलीच पाहिलेली आहे. पण नाही कसं म्हणणार? माझ्या बायकोनं, माधवीनं, तर मला कामगिरीच सोपवली. "पक्षी मिळो न मिळो. घर नीट बघून ये. आपली एकुलती एक पोर तिथं परकी तर पडणार नाही ना, तेवढं बघ."

मग मी इंजिनिअर करतो तशी तयारी केली. तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, एक्सेल शीट केली, दुकानात जाऊन विक्रेत्यानं दाखवलं ते सगळं घेतलं. त्यात एक लाकडी डबी होती. तिचं झाकण तिरकं घासलं की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो आणि नर भुलून येतो. मी गॅरेजमध्ये रोज सराव करू लागलो. चौथ्या दिवशी शेजारीण दरवाजाच्या बिजागरीला घालायला तेलाची बाटली घेऊन आली. महाराष्ट्र मंडळातले देशपांडे काका, इथले जुने डॉक्टर, फोनवर म्हणाले, "अरे, मी पंचेचाळीस वर्षांत फक्त एक हरीण मारलं. तेही गाडीनं, आणि चूक हरणाची होती." सईचा सल्ला त्याहून थोडक्यात होता. "बाबा, डोन्ट मूव्ह, अँड प्लीज डोन्ट टॉक. दॅट्स इट." हिला शिकारीतलं काय कळतं, असं मी माधवीला म्हणालो.

शुक्रवारी दुपारी माधवीनं मला ओवाळलं, हातावर दही-साखर ठेवली, चिवड्याचा डबा दिला आणि कुंकवाची पुडी खिशात घातली. उद्या रानात शिरण्याआधी लावायचं, अशी ताकीदही दिली. फ्रीवेवर तासभर उपनगरं होती, मग शेतं, मग नुसती झाडं. ॲन आर्बरला चेरी फुलून गेली होती. इथं उत्तरेच्या उतारांवर अजून बर्फाचे मळके तुकडे पडलेले होते. रस्त्याकडेला तीन पाकळ्यांची पांढरी फुलं इतकी होती, की मी दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्यांदा मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून माझं निसर्गप्रेम आटोपतं घेतलं.

रॉजरराव दारातच उभे होते. सहा फूट उंची, पांढरी दाढी, हाताचा पंजा फावड्याएवढा. त्यांची बायको लिंडा बोलकी होती. तिनं बटाटे, चीज आणि कुरकुरीत कांदा घालून भाजलेला कॅसरोल (एकाच भांड्यात ओव्हनमध्ये शिजवलेलं जेवण) वाढला. रॉजरराव पूर्ण जेवणात तीन वाक्यं बोलले, त्यातली दोन कुत्र्याशी. इंग्रजीत तू-तुम्हीचा घोळ नसतो हे खरं, पण माझ्या कानांना त्यांचं बोलणं अरेतुरेतच ऐकू येत होतं आणि मी मात्र मनातून अहोजाहोवर होतो. घर बघायचं म्हणून मी भिंतीवरचे फोटो, फ्रीजवरची बिलं, पडद्यांचं कापड सगळं डोळ्यांखालून घातलं. सईचा कुठं मागमूस दिसला नाही. ही माणसं माझ्या पोरीशी अशी गप्प बसून वागणार असतील तर कसं व्हायचं, या विचारानं मला चीज पचेना.

पहाटे साडेचारला रॉजररावांनी दार वाजवलं. मी कपडे चढवले, बाथरूमच्या आरशासमोर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि बाहेर आलो. त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला आणि जागच्या जागी थांबले.

"हे काय?"

"आशीर्वाद. बायकोनं दिलाय. जपून राहावं म्हणून."

"पूस ते," ते म्हणाले. मग त्यांनी आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. म्हणून रानात या तीन रंगांचं काहीही घालून जायचं नाही. झुडपातून लाल ठिपका हलताना दिसला तर पलीकडचा शिकारी चाप ओढतो. माझ्या जिवाला जपणारं ते कुंकू नेमकं कपाळावर नेम धरायला सांगत होतं. मी पेपर टॉवेलनं खसाखसा पुसू लागलो, पण अमेरिकेतल्या इंडियन ग्रोसरीत मिळणारं कुंकू तसं सहजी निघत नाही. रॉजररावांनी स्वतः साबण आणला. मग जरा घुटमळून म्हणाले, "शर्टाच्या आत, छातीवर लाव. पक्ष्याला दिसणार नाही. ज्याला दिसायला हवं त्याला दिसेल." हा माणूस अगदीच दगड नसावा अशी मला पहिल्यांदा शंका आली.

रानाच्या कडेला त्यांचा ब्लाइंड (लपून बसायचा कापडी तंबू) होता. समोर मोकळ्या गवतात त्यांनी प्लास्टिकची मादी रोवली. आत दोन स्टुलं, माझ्या पुढ्यात दोन पायांच्या काठीवर टेकवलेली बंदूक. मुलामुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं असताना दोन बाप अंधारात गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि त्यातला एक लग्नाळू मादीचा आवाज काढत होता. मला हसू फुटत होतं, पण सईची ताकीद आठवून मी दात आवळले.

उजाडायला लागलं तसं लांबच्या झाडावरून नर ओरडला. तोंडात पाणी धरून कुणी खदखदा हसावं तसा तो आवाज होता. रॉजररावांनी डबी हलकेच घासली. माझ्या डबीतून दार करकरायचं, त्यांच्या डबीतून खरोखर कुणीतरी बोलावत होतं. पुन्हा हाक, पुन्हा ते हसणं, आता जवळून. आणि मग गवतातून तो आला. शेपटीचा पंखा उलगडलेला, पिसांवर तांब्याची झळाळी, छातीवर लोंबणारी केसांची दाढी. मंडळाचे अध्यक्ष मानपत्र घ्यायला स्टेजवर चढतात तसा दोन पावलं टाकून थांबत होता, सगळ्यांचं आपल्याकडे लक्ष आहे ना याची खात्री करत होता. प्लास्टिकच्या मादीपुढे येऊन तो उभा राहिला. पंचवीस पावलं, त्याहून जास्त नाही.

रॉजररावांनी हनुवटीनं खूण केली. मार.

माझं बोट चापावर होतं. नेमही होता, शपथेवर सांगतो. पण त्या क्षणी माझ्यातला शिकारी मागे सरला आणि मुलीचा बाप पुढे आला. आमच्यात मुलाच्या वडिलांच्या आधी मुलीचा बाप पाटावर बसत नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी माझे वडील जेवेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि मी व्याह्यांच्याच रानात, व्याह्यांच्याच बंदुकीनं, व्याह्यांच्या आधी हात मारायचा? उद्या हे माझ्या पोरीला ऐकून घ्यावं लागलं तर?

"प्लीज, यू फर्स्ट," मी कुजबुजलो.

रॉजररावांनी मान हलवली. "नो. यू."

"नाही नाही, असं कसं? तुमचा मान आधी." मी बंदूक त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी ती परत माझ्याकडे ढकलली. "शूट."

"अहो, एकदा तरी! माझ्यासाठी!" आग्रह करताना आपला आवाज चढतो हे माझ्या लक्षात आलं नाही. मी उठून उभा राहिलो होतो हेही नाही. माझं डोकं तंबूच्या छताला लागलं, तंबू हलला, बंदुकीची काठी लाथेनं आडवी झाली. अध्यक्षांनी एकदा 'पट्' असा तुच्छ आवाज काढला, पंखा मिटला आणि धावत सुटले. टर्की धावताना इतकी हास्यास्पद दिसते, की त्या क्षणी रानात तिच्याहून हास्यास्पद दिसणारा मी एकटाच होतो.

रॉजररावांनी आडवी पडलेली काठी पुन्हा उभी केली आणि विचारलं, "तुला मारायचा नव्हता का?"

मी सगळं सांगितलं. मुलीचा बाप, मुलाचा बाप, मान, पाट, माझे सासरे. ते कान देऊन ऐकत होते.

"म्हणजे तुमच्याकडे मी वरचा?"

"हो."

"मी काय केलं वरचा व्हायला?"

"काही नाही. तुम्हाला मुलगा झाला."

त्यांनी दाढी खाजवली. "चाळीस वर्षं लोकांच्या तळघरात वाकून काम केलं. कुणी मला वरचा म्हणालं नाही." आणि ते हसले. खांदे हलवत, आवाज न करता हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हे लिंडाला सांगायलाच हवं." मग खिशातून माझा चिवड्याचा डबा काढून त्यांनी मूठभर तोंडात टाकला. तो डबा त्यांच्या खिशात कधी गेला ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर दहा वाजेपर्यंत बसलो, पण गावभर बोभाटा झाल्यासारखा एकही नर फिरकला नाही. परत आल्यावर बंदूक ठेवायला ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर टर्कीच्या शेपटीचे पंखे लाकडी पाट्यांवर लावलेले होते. प्रत्येकाखाली नाव कोरलेलं. रॉजररावांच्या वडिलांचं, त्यांचं स्वतःचं, लिंडाचं, ईथनचं. आणि शेवटच्या पाटीवर, सई.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"गेल्या वर्षीचा," रॉजरराव म्हणाले. "डबी ती माझ्या पोरापेक्षा चांगली वाजवते. मारल्यावर अर्धा तास रडली. मग पिसं मी काढतो म्हटलं तर ऐकेना. म्हणाली, मी मारला, मीच साफ करणार." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो. "विसरलो होतो."

गेल्या वर्षी याच सुमाराला ती ट्रेनिंगला शिकागोला जातेय, असं आम्हाला सांगून गेली होती. तिनं पक्षी मारला याचं मला काही वाटलं नाही. ती अर्धा तास रडली आणि ते या माणसाला माहीत, मला नाही, याचं वाईट वाटलं. खूप वाटलं. मत्सरच वाटला म्हणा.

दुपारी निघताना लिंडानं मिठी मारली. रॉजररावांनी हात हातात घेतला आणि पुढच्या वसंतात ये, पण स्टुलाला बांधून ठेवीन, असं बजावलं. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा सईला फोन लावला.

"मिळाला?" तिनं विचारलं.

"पळाला. मी बोललो."

"आय न्यू इट!" ती खिदळली.

"भिंतीवरची तुझी पाटी पाहिली."

ती म्हणाली, "बाबा, तू लेक्चर दिलं असतंस. आणि आई उपास करत बसली असती."

"रडलीस म्हणे."

"हो यार. खूप. रॉजर काही बोलला नाही. ही जस्ट सॅट देअर विथ मी." मी पेट्रोलची नळी पंपावर परत अडकवली. तिच्या लहानपणापासूनची रडणी मी आठवून पाहिली. दर वेळी मी काहीतरी समजावून सांगत होतो.

घरी पोचलो तर माधवी दारातच. "कसं आहे घर?"

"चांगलं आहे. तिचं नाव आहे भिंतीवर." तिला सगळं सांगितलं, रडण्यासकट. ती ऐकत खालच्या पायरीवर बसून राहिली.

बूट ठेवायला मी वर सईच्या खोलीत गेलो. म्हणजे ती पूर्वी सईची होती. आता तिथं माझं ट्रेडमिल आहे, माझं ऑफिसचं टेबल आहे, माधवीच्या साड्यांच्या बॅगा आहेत. पलंग आम्ही दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी देऊन टाकला. तिची पुस्तकं आणि बक्षिसं तळघरात पाच खोक्यांत आहेत, खोक्यांवर माझ्याच अक्षरात 'सई, इतर' असं लिहिलेलं आहे. पुढच्या शनिवारी ती आणि ईथन राहायला येणार होते, आणि मी मोठ्या हौसेनं त्यांच्यासाठी हॉटेलची खोली बुक केली होती. व्याह्यांच्या घरात पोरीला जागा आहे का, हे बघायला मी शिकारीचा परवाना घेऊन साडेतीन तास गेलो होतो.

मी हॉटेलला फोन करून बुकिंग कॅन्सल केलं. मग ट्रेडमिलचं एक टोक धरून ओढून पाहिलं. ते हलेना, म्हणून माधवीला हाक मारली. ती वर आली, खोलीकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिनं दुसरं टोक धरलं.